सहादेव कासाराचे हात

सहादेव कासार बायकांच्या तोंडाकडं बघत नसे. बापानंच त्याला तसं शिकवलं होतं. "नजर मनगटावर ठेव. मनगटाच्या वर गेली, की धंदा गेला आन् अब्रूबी गेली," असं म्हातारा सांगायचा. तेव्हा सहादेव बारा वर्षांचा होता. पुढं तीस वर्षं त्यानं ते पाळलं. त्यामुळं व्हायचं असं, की पारनेरच्या बाजारात एखादी बाई समोरून आली तर ती कोण हे त्याला उमगायचं नाही. पण तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मनगट दिसलं, की हा थांबून म्हणायचा, "काय आक्काबाई, झाला का बाजार?"

सावरदरे हे त्याचं गाव. मुरमाड माळावरचं, चार बाजूंनी उघडं. भोवतालची पाच गावं त्याच्या बापानं पायाखाली घातलेली, तीच यानंही धरली. पाठीवर पेटी, दोन्ही खांद्यांवर सुतळीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, आणि चालताना त्यांचा किणकिणाट. तो आवाज वेशीत आला की पोरी हातातलं काम टाकून पळत सुटायच्या.

बांगडी भरणं म्हणजे काय हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून समजायचं नाही. बाईचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायचा. अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, करंगळीची बाजू अलगद मुडपायची, पंजाचं पन्हाळं करायचं, आणि बांगडी फिरवत फिरवत वर न्यायची. जोर लावायचा नाही. काच जोराला घाबरते आणि बाईही. सहादेव हात धरायचा आणि काहीतरी विचारायचा, "म्हैस व्याली का?" बाई उत्तर देईपर्यंत सहा बांगड्या चढलेल्या असायच्या.

बायका त्याच्याशी बोलायच्या. परका पुरुष हात धरतो असा एकच, आणि तो माहेरच्या माणसासारखा. वयानं मोठ्या त्याला कासारदादा म्हणत, लहान कासारमामा. कुणाची सासू, कुणाचा दारू पिणारा दीर, कुणाचं न झालेलं मूल, सगळं त्या हातात हात असताना निघायचं. हात सुटला की बाई पदर सावरून उठायची.

त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. बायको मुक्ताबाई आणि तो, दोघंच. पण गावातल्या रंभाजी आणि आक्काबाईची बायडा जन्मली, बाराव्या दिवशी त्यानं तिच्या मुठीएवढ्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या, तेव्हा त्या पोरीनं त्याचं बोट धरलं ते सोडेचना. बायका हसल्या. आक्काबाई बाजेवरून म्हणाली, "दादा, आता हिचा लग्नातला चुडाबी तुमीच भरायचा बरं का." सहादेवानं ते मनावर घेतलं. सतरा वर्षं दर सणाला त्या पोरीच्या हाताचं माप वाढताना त्यानं बघितलं. आपली मुलगी असती तर दुसरं काय केलं असतं?

पहिला डाग दिसला तो एकाहत्तरच्या संक्रांतीला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तिळाएवढा. बांगडी सरकावी म्हणून तो साबण वापरी, त्याचा असेल म्हणून त्यानं तो चोळला. गेला नाही. होळीपर्यंत रुपयाएवढा झाला. पाऊस सरता सरता दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांवर आला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. कातडी तीच, फक्त रंग निघून गेलेला.

आणि एक दिवस रतनबाईनं हात मागं घेतला.

ती वेशीजवळच्या घरातली, बोलण्यात सरळ बाई. बांगड्या निवडून झाल्या, सहादेवानं हात पुढं केला, तिनंही केला, आणि मधेच तिचा हात थांबला. ती काही वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, आज घाई हाय. बांगड्या द्या, मी घरी भरीन माझ्या मी."

त्यानं कागदात गुंडाळून दिल्या. पुढच्या दारी तेच झालं. पुढच्या गावात तेच. वर्षभरात ते वाक्य त्याला इतकं पाठ झालं, की बाईनं तोंड उघडण्याआधी तो कागद फाडायला घ्यायचा. बायका बांगड्या घेत होत्या, नाही असं नाही. हात मात्र कुणी देत नव्हतं. मुक्ताबाई म्हणायची, "माल खपतोय न्हवं? मग कशाला जिवाला लावून घेता?" वाणी माल विकतो. कासार माल विकत नाही, हे त्याला तिला सांगता यायचं नाही.

मुक्ताबाईनं आपल्या परीनं सगळं केलं. कालिकामातेला नवस बोलली. निघोजकडच्या एका वैद्याकडून बावचीचा लेप आणला. त्यानं हाताची आग आग झाली आणि डाग होता तिथंच राहिला. मासे खाऊन दूध प्यालात का, म्हणून शेजारणींनी विचारलं. ज्याच्या घरात मासा कधी शिजला नाही त्यानं काय सांगावं?

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. ज्वारीचं बी मातीत भाजून गेलं, विहिरींचे तळ दिसले, जनावरं छावणीला गेली. त्या दिवाळीत, जी दिवाळी कुणी दिवाळी म्हणून केली नाही, शाळेतले काकासाहेब गुरुजी सहादेवाला एस.टी.त बसवून नगरला घेऊन गेले. तिथं त्यांच्या ओळखीचा कातडीचा डॉक्टर होता.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सहादेवाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि खिडकीपाशी नेऊन उलटसुलट बघितले. किती दिवसांनी कुणीतरी ते हात धरले होते.

"याला कोड म्हणतात," डॉक्टर म्हणाला. "हे कुणाला लागत नाही. महारोगाशी याचा काही संबंध नाही. तुमच्या हातात हात दिला म्हणून कुठल्या बाईला काही होणार नाही."

"हे मला सांगून काय उपेग, सायेब? येकदा आमच्या गावात दवंडी पिटाया या."

डॉक्टर हसला. मग त्यानं चिठ्ठी लिहिली. पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या. बावचीच्या बीत असतं तसलंच औषध, पण मापून दिलेलं, असं त्यानं सांगितलं. "नीट ऐका. गोळी एक दिवसाआड. पोटभर खाऊन घ्यायची. दोन तासांनी हात उन्हात धरायचे. पहिल्यांदा पाच मिनिटं. मग हळूहळू वाढवत पंधरा. पंधराच्या वर एक मिनिट नाही. त्यानंतर हात धुऊन सावलीत जायचं आणि दिवस मावळेपर्यंत उन्हात यायचं नाही. गोळी अंगात असताना ऊन विस्तवासारखं भाजतं. डोळ्यांना काळा चष्मा लावा. आणि आणखी एक. बोटांना गुण उशिरा येतो. येईलच असंही मी म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य सहादेवानं ऐकलं, पण घरी आणलं नाही.

घरात घड्याळ नव्हतं. गुरुजींचं घड्याळ एक दिवस मागून आणलं आणि मुक्ताबाईनं त्याच्यासमोर बांगड्या ओवून बघितल्या. बारा डझनाची एक माळ ओवायला पाच मिनिटं लागली. मग तेच माप झालं. गोळीच्या दिवशी तो अंगणात दगडावर हात पसरून बसायचा, मुक्ताबाई उंबऱ्यात बसून माळ ओवायची, आणि ओवून झाली की म्हणायची, "झाली. चला आत." पुढं दोन माळा झाल्या, मग तीन. तिसऱ्या माळेची गाठ बसली की तो उठायचा, हात धुवायचा आणि घराच्या काळोख्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. दूध गावात नव्हतंच. सरकारी वाटपातली सुकडी आणि भाकरी खाऊन गोळी घ्यायची. कधी मळमळायचं. पण चुकवली नाही.

काळ्या चष्म्यानं गावाला मात्र दुष्काळात करमणूक दिली. स्टँडवर चहाचं हॉटेल असलेला आसाराम भर गिऱ्हाइकांत ओरडला, "बघा रं बघा! कासार काळा चष्मा लावून बाया बघाया लागला!"

"बघायच्या आसत्या तर तीस वर्सं उघड्या डोळ्यानं बघितल्या नसत्या व्हय, आसाराम?" सहादेव म्हणाला. "तुझ्या च्याचा रंग बघवंना म्हून लावलाय."

लोक हसले. आसारामानं चहा दिला, पण फुटक्या कानाच्या वेगळ्या कपात. सहादेवानं तो प्याला, कप विसळला आणि पालथा ठेवला.

माघ संपता संपता एका सकाळी हात धुताना मुक्ताबाईनं त्याचा अंगठा धरला. "अवो, हे बघा." पांढऱ्या डागाच्या मधोमध खसखशीएवढे तपकिरी ठिपके उमटले होते. चार, पाच. दोघंही डोकी जवळ आणून बघत बसली. भाकरी करपली तरी उठली नाहीत.

त्याच सुमाराला बायडाचं लग्न ठरलं. अक्षय तृतीयेचा मुहूर्त. आक्काबाई सांगायला आली, दारातच टेकली आणि पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "दादा, चुडा तुमीच भरायचा, ह्यो शब्द माझा. पन सोयरे श्रीगोंद्याकडचे हायेत. लई बारीक बघनारी मान्सं. तवर हात..."

"भरून येतील, वैनी," सहादेव म्हणाला आणि अंगठा पुढं केला. "हे बघा ठिपके. दोन महिने हायेत अजून."

आक्काबाईनं वाकून बघितलं. "मग तुमच्याबिगर कुनाला बोलवत न्हाई मी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. रोज सकाळी ठिपके मोजायचे. बायडाच्या चुड्याच्या हिरव्या बांगड्या त्यानं आधीच निवडून कापडात बांधून ठेवल्या होत्या.

गावातल्या बायका तेव्हा दुष्काळी कामावर जात. गावाच्या वर पाझर तलावाचं काम निघालं होतं. दगड फोडायचे, माती वाहायची. हातोडीच्या दणक्यानं बांगड्या टिकत नसत. फुटल्या असं कुणी म्हणत नसे, वाढवल्या म्हणत. पण उरत नव्हत्या हे खरं. उघड्या मनगटाच्या सवाष्णी एकमेकींकडं बघायचं टाळायच्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी कामावरची छबूबाई धावतपळत सहादेवाच्या दारात आली. ती जिभेची तिखट, हसरी बाई. "मामा, पेटी घ्या आन् चला तळ्यावर. उद्या पाडवा, आन् कुनाच्या हातात धड दोन बांगड्या न्हाईत."

सहादेव उठून कागद बघायला लागला. "किती देऊ बांधून?"

"बांधून काय करू? डोस्क्यावर घालू? भराया चला." तिनं आपले हात पुढं केले. पंजे सुजून फुगले होते, तळव्यांना घट्टे, बोटांवर चिरा. "ह्या हातात बांगडी चढंल का आमच्यानं? काल मी बसले भराया, तर चार वाढल्या आन् येक मनगटात घुसली."

"पारनेरचा कानिफनाथ कासार येतो की."

"आला हुता न्हवं! त्यो वढतो. रतनबाईचा हात असा वढला, की बाई म्हनली, 'बाबा, बांगडी ऱ्हाऊ दे, माझा हात तेवढा म्हागारी दे.' तिनंच धाडलंय मला. म्हनली, सहादेवदादाला आन. कसब त्याच्याच हातात."

सहादेव तसाच उभा राहिला. "रतनबाई म्हनली?"

"व्हय तर! आता काय दवंडी पिटायची ऱ्हायली का?"

मुक्ताबाई उंबऱ्यात आली. तिच्या हातात नुकतीच गाठ मारलेली तिसरी माळ होती. "अवो, आज गोळीचा दिस हाय," ती हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय मला. पाल नेतो की. सावलीतच बसायचंय."

"उद्या जावा."

"उद्या पाडवा. उद्या भरून काय करायचं?" तो पेटी उचलत होता. असा उजळलेला चेहरा मुक्ताबाईनं दोन वर्षांत बघितला नव्हता. टोपी आणि चष्मा तेवढा तिनं त्याच्या हातात दिला.

तळ्याच्या भरावाखाली झाड नव्हतं. चार काठ्या रोवून त्यानं पाल बांधलं, खाली पेटी मांडली. काच तापू नये म्हणून पेटी अगदी आत, सावलीत ओढून घेतली. स्वतः तिच्यामागं बसला. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, पाठीवर सावली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, कारण बाह्या सोडून कुठल्याही कासारानं आजवर बांगडी भरलेली नाही. बायका पालाच्या कडेला, मोकळ्या मुरमावर ओळीनं बसल्या.

पहिली रतनबाई आली. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "दादा, त्या टायमाला मी..."

"हात ढिला सोडा," सहादेव म्हणाला. "धाकट्याला पडसं हुतं, बरं झालं का?"

"कुटलं? खोकतोय रातध्याड," असं ती म्हणेपर्यंत चार बांगड्या वर गेल्या होत्या. तिनं हात वळवून बघितला. ना ओरखडा, ना दुखणं.

मग हात येतच राहिले. ओळखीचे हात, पण किती बदललेले! ज्या पोरीचं मनगट केळीच्या कोंभासारखं होतं तिचं आता लाकडासारखं टणक झालं होतं. त्यानं प्रत्येक हात अगोदर दोन्ही तळव्यांत धरून मऊ केला, सूज हळूहळू खाली दाबली, मग काच चढवली. छबूबाई मधेच ओरडली, "मामा, माज्या वेळंला लवकर उरकू नका. दोन वर्सांत कुनी माझा हात येवढा येळ धरला न्हाई!" बायका फिदीफिदी हसल्या. मुकादमानं दोनदा हाकारा केला, मग त्यानंही नाद सोडला. त्याची स्वतःची बायको रांगेत होती.

सूर्य डोक्यावर आला आणि कलला. किती हात झाले, चाळीस का पन्नास, त्यानं मोजले नाहीत. पाणी प्यायचंही त्याला सुचलं नाही. संध्याकाळी पाल सोडताना हातांना मुंग्या आल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी एवढं काम झालं, त्याचं असेल, असं त्याला वाटलं. घरी येऊन तो मुक्ताबाईला म्हणाला, "सगळ्यांनी हात दिलं गं." एवढंच. आणि जेवायला बसला.

पाडव्याला हात लाल झाले. दुसऱ्या दिवशी सुजले. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटांपासून कोपराखालपर्यंत पाण्यानं भरलेले फोड उठले, लिंबाएवढाले. अंगात ताप चढला. मुक्ताबाईनं हातांवर स्वच्छ फडकं सैल गुंडाळलं आणि काकासाहेब गुरुजींकडं धावली. तिघं पहिल्या गाडीनं नगरला गेली. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो दात आवळायचा.

डॉक्टरनं फडकं सोडलं आणि फोड कुठवर गेलेत ते बघितलं. मग म्हणाला, "मी तुम्हाला सावलीत बसायला सांगितलं होतं."

"सावलीतच हुतो, सायेब. देवाशपथ. पाल बांधलं हुतं. टोपी हुती, चष्मा हुता. इचारा हिला."

"सावलीत असं होत नाही."

"असा बसलो हुतो, बघा," सहादेव म्हणाला, आणि दाखवायला तो तापानं फणफणलेला माणूस खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. कासार बसतो तसा, एक गुडघा उभा, एक मुडपलेला. समोर पेटी आहे अशा बेतानं त्यानं दोन्ही हात पुढं केले.

दवाखान्याच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. सहादेवाचं डोकं, पाठ, मांड्या सगळं सावलीत होतं. पेटीच्या पलीकडं बसलेल्या बाईचा हात धरायला पुढं गेलेले दोन हात तेवढे उन्हात होते.

त्याचं त्यालाच ते दिसलं. त्यानं हात मागं घेतले नाहीत. तसाच बघत राहिला. मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला.

"उठा," डॉक्टर म्हणाला आणि स्वतः वाकून, दंडाला धरून त्यानं सहादेवाला उठवलं. "चूक माझीही आहे. तुम्ही काम कसं करता हे मी विचारलं नाही."

गोळ्या बंद झाल्या. जखमा भरल्या की पुन्हा सुरू करता येतील का, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा डॉक्टरनं नकाराची मान हलवली. भाजलेल्या जागी कोड उलट पसरतं, असं तो म्हणाला. तसंच झालं. पंधरवड्यानं कातडी पापुद्र्यासारखी निघाली आणि खालून आली ती पांढरी. नखांपासून मनगटापर्यंत, मनगटावरून वर. तपकिरी ठिपके कुठं गेले ते कळलंही नाही. बोटं आखडली होती, मूठ पुरती वळत नव्हती.

अक्षय तृतीया दहा दिवसांवर आली. आक्काबाई आली, पण उंबरा ओलांडून आत आली नाही. मागं बायडा होती. दोघींचे डोळे सुजलेले. सहादेवानं हात धोतराच्या सोग्यात घेतले.

"वैनी, तुमी काय बोलू नका," तो म्हणाला. "मीच न्हाई म्हनतो."

बायडा पुढं झाली. "मामा, तुमीच भरा. आदल्या दिशी हितं येते मी. सासरी कुनाला बोलायची न्हाई."

"तू बोलायची न्हाईस गं. पन तुझ्या सासरच्या बाया काय डोळं झाकून नांदवनार हायेत तुला? कळल्याबिगर ऱ्हातंय व्हय? उद्या तुझ्या लेकराच्या अंगावर येक ठिपका दिसला, तर म्हनतील, त्या कासारानं दिला. जलमभर ऐकशील." त्याला दम लागला. "माझ्यापायी नगं."

"कुनाला लागत न्हाई म्हनला न्हवं डाक्टर?"

"मला म्हनला. त्यास्नी कोन सांगनार?"

पोरगी तिथंच मटकन बसली. मग सहादेव आक्काबाईला म्हणाला, "चुडा आमच्याच घरातनं भरला जाईल. मुक्ता भरंल."

मुक्ताबाई चुलीपुढून दचकून उठली. तिनं जन्मभर माळा ओवल्या होत्या, बांगडी कधी भरली नव्हती. "मला कुटं येतंय?"

"मी सांगतो."

पण सांगता येईना. तीस वर्षं जे हातांना ठाऊक होतं ते तोंडाला ठाऊक नव्हतं. छबूबाई रोज कामावरून परतताना हात द्यायला येऊन बसायची. "मामी, रगत आलं तरी चालंल, माझ्याकडं तेवढं लई हाय," म्हणायची. मुक्ताबाई घाम पुसत काच सरकवायची आणि काच तुटायची. सहादेव बाजूला बसून म्हणायचा, "अंगठ्याचं मूळ दाब. तसं न्हवं. आतनं. अगं, आतनं म्हंजे..." आणि त्याचे हात आपोआप पुढं यायचे, आणि तो ते परत मांडीखाली घालायचा. चौथ्या दिवशी एक बांगडी धड चढली. सातव्या दिवशी एक अख्खा हात भरला. मुक्ताबाईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी रंभाजीच्या दारात लहानसा मांडव पडला. दुष्काळातलं लग्न, मोजकी माणसं. घरात बायका जमल्या आणि मुक्ताबाई निवडलेला चुडा घेऊन आत गेली. सहादेव बाहेर पुरुषांत बसला, उपरण्याखाली हात झाकून. रंभाजीनं त्याला मानानं घोंगडीवर बसवलं. गप्पा पावसाच्या चालल्या होत्या. सहादेव मान हलवत होता, पण कान आत होते.

काच काचेला लागल्याचा आवाज आला. एक. मग दुसरी. पोरीच्या उजव्या हाताचा अंगठा जरा जाड, तिथं थांबायला पाहिजे. मुक्ता थांबली. तिसरी गेली. मग कट्कन आवाज झाला आणि आतलं सगळं बोलणं बंद पडलं.

सहादेव उठला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो उठून दाराशी गेला. उंबऱ्याच्या आत सासरकडची एक वयस्क बाई बसली होती. तिनं वर बघितलं. तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती. उपरणं सरकलं होतं.

"पानी हाय का जरा?" सहादेवानं विचारलं.

कुणीतरी तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला. त्यानं तो उचलला नाही. आतून मुक्ताबाईचा आवाज आला, "वाढवली येक. आसू द्या, बाई. हात ढिला सोड माझी बाय. तुमची शेरडं छावनीला गेली का गं?" पोरगी रडत रडत काहीतरी बोलली, आणि काच पुन्हा सरकायला लागली. सहादेव परत जाऊन घोंगडीवर बसला.

चुडा भरून झाल्यावर बायडा बाहेर आली. हिरवे हात कोपरापर्यंत भरलेले. वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत ती सहादेवापुढं आली आणि वाकली. सासरच्या बायका दारात उभ्या होत्या. सहादेव तोंडानं म्हणाला, "सुखी ऱ्हा बाई. अखंड सौभाग्यवती हो." ती वाकलेली तशीच राहिली, वाट बघत. माणूस आशीर्वाद देताना डोक्यावर हात ठेवतो. उपरण्याखाली काहीतरी हललं, पण बाहेर आलं नाही. शेवटी आक्काबाईनंच पोरीला खांद्याला धरून उठवलं.

मुक्ताबाई मागून आली. कासाराचा मान म्हणून मिळालेली टोपी आणि नारळ तिच्या रक्ताळलेल्या बोटांत होता. तिनं तो त्याच्यापुढं धरला.

"तूच ठेव," सहादेव म्हणाला. "ज्यानं भरला त्याचा हाय त्यो."

त्यानंतर सहादेवानं पेटी उचलली नाही. पाच गावं मुक्ताबाई फिरायला लागली. उन्हाच्या वेळी तो घराच्या काळोख्या कोपऱ्यात माळा ओवत बसायचा, आखडलेल्या बोटांनी, सावकाश. ती परत आली की विचारायचा, "आज कुनाकुनाचं हात भरलं?" ती एकेकीचं नाव सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि प्रत्येक नावाला बांगडीचं माप पुटपुटायचा.